वरच्या वावरातला आवाज

१

चौपन्नाव्या वर्षी मला डोंगर चढायला पाठवायची कल्पना माझ्या मुलीची. नीरजा पुण्यात असते आणि तिथून फोनवर बुलढाण्यातलं माझं आयुष्य चालवते. "आई, अर्ध्या दिवसाची तर गोष्ट आहे. सकाळी सहाला निघायचं, शेतांमधून वर जंगलात जायचं, पिठलं-भाकरी खायची आणि दुपारी घरी. गाइड असतो बरोबर." मी हो म्हटलं तेव्हा ती इतकी खूश झाली की मलाच वाईट वाटलं. तिला वाटलं, आई सावरतेय.

खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं.

माझे यजमान, नीळकंठ, जाऊन सात महिने झाले होते. मी रडले नव्हते. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की हिरडी होते ना, तशी मी आतून झाले होते. शाळेत जात होते, ऑफिसात बसत होते. घंटांचं वेळापत्रक तीस वर्षं माझ्याकडे आहे, ते एक मिनिटही चुकलं नाही. मे महिन्यात एकदा भाजी निवडताना लक्षात आलं की मला त्यांचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवत होता, चालणं आठवत होतं, आवाज नाही. शोधला. त्यांचा फोन नीरजानं सगळं पुसून कोणाला तरी देऊन टाकला होता. लग्नाच्या कॅसेटमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत बँड वाजतोय.

आणि शेवटच्या दिवशी मी दवाखान्यात नव्हते. दुपारी दोन तासांसाठी घरी गेले होते, त्यांचे धुतलेले कपडे आणायला. परत आले तर सगळं झालेलं. शेजारच्या खाटेपाशी बसलेली म्हातारी म्हणाली, "बाई, तुमचे मालक लय ओरडून राह्यले होते वो. सारखे हाका मारत होते." मी विचारलं, कोणाला? ती म्हणाली, "नाव नाही घेतलं."

नाव नाही घेतलं तरी मलाच असणार, दुसऱ्या कोणाला? मी ओ द्यायला तिथे नव्हते, एवढंच मला कळत होतं.

मग आठवलं. मागच्या भाद्रपदात ते ऑफिसच्या मंडळींबरोबर याच वाटेनं फिरायला आले होते. घरी येऊन फुशारकी मारली, "सुलू, माझा आवाज आता शेतात लागणार. रानडुकरं पळणार." मी म्हटलं होतं, डुकरं तरी घाबरू देत, घरात तर कोणी घाबरत नाही. तो आवाज अजून कुठल्यातरी शेतात असेल तर मला एकदा ऐकायचा होता. बस, तेवढ्यासाठी मी बूट घातले.

२

जीपमध्ये माझ्याशिवाय दोघंच होती. आल्हाद आणि मयुरी, नवीन लग्न झालेलं जोडपं, खामगावचं. राजूर घाट उतरून, रोहिणखेडची जुनी मशीद मागे टाकून जीप डोंगराच्या पायथ्याशी थांबली. तिथे आमचा गाइड उभा होता, देवानंद. तिशीचा, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा रेनकोट, हातात काठी. त्याची आई, भिमाबाई, ओसरीवर चूल पेटवत होती. "जाऊन या बापा, पिठलं गरमच भेटंन," म्हणाली.

धुकं इतकं होतं की चार पावलांपुढचं सोयाबीन दिसत नव्हतं. उतारावर पायऱ्यांसारखी शेतं, एकावर एक. मक्का, सोयाबीन, मध्ये तुरीची तासं, म्हणजे ओळी. सगळ्यात वर सागवान आणि अंजनाचं जंगल. पायवाट प्रत्येक शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वळत वळत जात होती.

धुक्यातून एकदम एक बाई ओरडली. "हाड, हाड! निंग तिकडं!" मयुरी दचकली.

"भोंगा आहे मॅडम," देवानंद हसला. "डुकरं हाकलाले. पहिले लोकं रात्रभर जागली करत. आता कार्डात आवाज भरायचा, बॅटरीवर लावून द्यायचा, आपण घरी झोपायचं. ह्या छायाकाकू. म्हणजे आपण नाल्याच्या डाव्या अंगाले आहो. धुक्यात मले दिसत नाही, मी आवाजावरच चालतो."

पुढच्या शेतात एक म्हातारा खोकत खोकत शिव्या देत होता. त्याच्या पुढे कोणीतरी थाळी वाजवत होतं. एकाही शेतात माणूस नव्हता. सगळा डोंगर ओरडत होता आणि रिकामा होता. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळलं.

"पण जनावर लय हुशार," देवानंद सांगत होता. "आठ दिवसात आवाज ओळखते. मंग भोंग्याच्या खाली बसून खाते वो ते! म्हणून नवा आवाज लागते. आपल्याकडं रिवाजच पडला, जो फिराले येते तो जातानी एक आरोळी देऊन जाते. मी मोबाइलमधी भरून घेतो. तुमालेबी द्या लागंन."

मयुरीनं टाळ्या वाजवल्या.

"फक्त एक आहे. हाकलायचं. बोलवायचं नाही. 'ये' म्हणायचं नाही, कोणाले हाक मारायची नाही. मागं एका सरांनी गंमत केली, 'ये शांते' म्हणून भरलं. खालच्या शांताबाई दिवसातून चार डाव डोंगर चढून येत. बिचारीचे गुडघे गेले."

आम्ही हसलो. मयुरी मागे राहिलेल्या नवऱ्याला ओरडली, "ए आल्हाद, चल ना!" मला गंमत वाटते या मुलींची. एकतीस वर्षांच्या संसारात मी नीळकंठांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी अहो. स्वयंपाकघरातून अहो, बाजारात अहो, गर्दीत हरवले तरी अहो. चार अनोळखी पुरुष मागे वळून बघायचे आणि पाचवे हे असायचे.

३

धुकं विरळ झालं तेव्हा मी देवानंदला गाठलं आणि विचारलं. मागच्या वर्षी, ऑफिसची मंडळी, उंच, चष्मा, निळी टोपी.

"भाऊसाहेब! हाव ना. काय खणखणीत आवाज दिला होता! कसे आहे ते?"

मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि काही वेळ तशीच हातात धरून चालत राहिला.

"ताई, त्यायचा आवाज आहे अजून," शेवटी तो म्हणाला. "कारभारी मामाच्या वरच्या वावरात. एकदम जंगलाले लागून. तिथलं कार्ड मी बदललंच नाही. गरजच नाही पडली."

"आठ दिवसांत जनावर ओळखतं म्हणालात ना?"

"म्हणलो खरं." तो काठीनं गवत बाजूला करत राहिला. "पण त्या वावरात वर्ष झालं, काही शिरलंच नाही. डुक्कर नाही, रोही नाही, पाखरूबी नाही. मामा म्हणते, चांगलं आहे. पण मामा तिथं एकटे जात नाही."

मी का म्हणून विचारलं नाही. मला नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता, कारभारी मामांची भीती ऐकायची नव्हती.

शेत यायच्या आधी आवाज आला.

"हूऽऽर! चल! निघ! निघ इथून!"

तोच. क्षणात ओळखला. घशाच्या खालून येणारा, 'घ' वर जोर देणारा. मे महिन्यापासून शोधत होते तो आवाज समोरच्या सागाच्या वरून येत होता आणि मी वाट बघत होते की आता मला रडू येईल. नाही आलं. मी घड्याळात पाहिलं. सवय. चाळीस सेकंदांनी पुन्हा, "हूऽऽर! चल! निघ! निघ इथून!" आणि मग खोकला. दोन कोरड्या ढासा, एक लांब.

देवानंद पुढे निघाला होता. मी तिथेच उभी राहिले.

आवाज भाद्रपदात भरला होता. आणि त्यांना खोकला लागला दिवाळीनंतर.

४

कार्डात पाणी गेलं असेल. भोंग्याची चकती फाटली असेल. खोकल्यासारखा वाटणारा आवाज कशाचाही निघतो, आमच्या शाळेतला माइक तर शिंकतो. मी स्वतःला हे सगळं नीट सांगितलं आणि ते मला पटलं.

देवानंद त्या दोघांना वर धबधबा दाखवायला नेणार होता. मी म्हटलं, मी इथेच धुऱ्यावर बसते. तो घुटमळला. "ताई, अर्धा घंटा लागंन आमाले. वावरात नोका उतरू. वापस येतानी मी ते कार्ड काढूनच देतो तुमाले, ठेवा घरी." मी मान हलवली. त्यांचा गलबला झाडांत गेला आणि थांबला.

शेत लहानच होतं. गुडघ्याएवढं सोयाबीन, शेंगांनी भरलेलं, एकही रोप मोडलेलं नाही. खालच्या सगळ्या शेतांत डुकरांनी खड्डे केले होते. इथे मुंगी गेल्याची खूण नव्हती. मधोमध बांबूला भोंगा, त्याखाली छोटी सौर पाटी. वरच्या अंगाला, जिथे शेत संपून जंगल सुरू होतं, तिथे एक जळकं खुंट होतं, बसलेल्या माणसाच्या उंचीचं.

"हूऽऽर! चल! निघ!"

मी पर्समधून लाडू काढला आणि खाल्ला. त्यांच्या आवाजात बसून लाडू खाणं, यात गैर काय होतं? घरात तेच तर करत होतो.

मग जाणवलं की भोंगा मध्ये आहे, पण आवाज मधून येत नाहीये. मघाशी डावीकडून आला होता. आता वरून, खुंटाच्या जवळून. पुढचा उजव्या कोपऱ्यातून. डोंगरात आवाज फिरतो, वारा असतो, प्रतिध्वनी असतो. पण तो धुऱ्याधुऱ्यानं फिरत होता, राखण करणारा माणूस शेताला चक्कर मारतो तसा. आणि दर चकरेला जास्त दमत होता. नवव्या वेळी "निघ" नंतर श्वास ऐकू आला. तो श्वास मी ओळखत होते. तो भाद्रपदातला नव्हता, दिवाळीतला नव्हता. तो त्या खाटेवरचा होता, शेवटच्या आठवड्यातला.

मला भीती वाटायला हवी होती. मला वाटली ती लाज. ते तिथे हाका मारत होते आणि मी घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. आता इथेही ओरडून ओरडून दमलेत आणि मी धुऱ्यावर बसून लाडू खातेय. निदान आता तरी ओ द्यावी. निदान एकदा सांगावं, मी आहे, या, बसा थोडं.

मी उभी राहिले आणि वावराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

"अहो! या!"

५

चाळीस सेकंद झाले. आवाज आला नाही. साठ झाले. खालच्या शेतांतले सगळे भोंगे ऐकू येत होते, छायाकाकू, थाळी, म्हातारा. फक्त हे वावर गप्प.

मी वर पाहिलं. ते जळकं खुंट उठलं.

सावकाश उठलं, खूप वेळ ओणवं बसून पाय आखडलेला माणूस उठतो तसं. किती उंच झालं ते मी पाहिलं नाही. मी माझ्या बुटांकडे पाहायला लागले. नाडीचा एक फास सुटला होता. सोयाबीनची सळसळ ऐकू येत होती, वरून खाली, सरळ रेषेत माझ्याकडे. वारा नव्हता.

आणि तेव्हा अगदी माझ्या कानाशी, धाप लागलेल्या, फाटलेल्या आवाजात नीळकंठ म्हणाले, "सुलू, नको!"

एकदाच. मग भोंग्यातून खरखर आली आणि बंद झाली.

म्हातारीचं वाक्य तेव्हा मला कळलं. नाव नाही घेतलं. मला हाक मारताना त्यांनी आयुष्यात कधी नाव टाळलं नाही, सुलूशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. खाटेवर ते मला बोलवत नव्हतेच. ते कशाला तरी हाकलत होते. इथेही तेच करत होते, वर्षभर. आणि मी त्याला या म्हटलं होतं. कोणाचंही नाव न घेता.

सळसळ धुऱ्यापाशी येऊन थांबली. मी नाडी बांधली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. पुन्हा मान वर केली तेव्हा वावर होतं तसं होतं, मधली रोपं तेवढी एका ओळीत वाकलेली. जंगलाच्या कडेला खुंट नव्हतं.

६

"ताई, काऊन अशा उभ्या?" देवानंद परत आला होता. मयुरी भिजली होती आणि हसत होती. मी म्हटलं, पाय मोकळे करतेय. त्यानं भोंग्याकडे पाहिलं. "बंद पडला का?" मी म्हटलं, हो, आत्ताच. कार्डाची आठवण त्यानं काढली नाही, मीही काढली नाही.

उतरताना तो पुढे, मग ती दोघं, शेवटी मी. मी मागे वळून पाहिलं नाही. धाडस नव्हतं असं नाही. काही वाटतच नव्हतं.

भिमाबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. बरोबर ठेचा. मी सगळं खाल्लं, चव लागली नाही. मग देवानंदनं मोबाइल पुढे केला. आल्हाद वाघासारखा ओरडला, मयुरीनं किंकाळी मारली. माझी पाळी आली. तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघाला नाही. "राहू द्या ताई," तो हळूच म्हणाला. "लोकायले होते असं."

परतीच्या जीपमध्ये मी आल्हादच्या शेजारी बसले. त्यानं सरकून जागा दिली. मी नीट बसले तरी तो आणखी सरकत राहिला, खिडकीला चिकटेपर्यंत, जणू आमच्या मध्ये बसायला कोणी राहिलं होतं. त्याचं त्याला ते कळलं नसावं. तो फोनमधले धबधब्याचे फोटो पाहत होता.

७

गुरुवारी दुपारी चारला, शाळेतून येऊन चहा टाकला आणि देवानंदचा फोन आला.

"ताई, माफ करा, तुमाले कार्ड देतो म्हणलो होतो. आज काढून पाह्यलं. रिकामं आहे वो. काहीच नाही त्याच्यात. कसं पुसलं गेलं, समजून नाही राह्यलं."

मी म्हटलं, असू दे.

"पण एक सांगू का? त्या वावरात परवा डुकरं शिरली. चार तासं खाऊन गेली. आणि कारभारी मामा खुश! लेकरानं सांगावं तसं साऱ्यायले सांगून राह्यले. म्हणते, डुकरं त डुकरं, माहं वावर आता सगळ्यायच्या वावरासारखं झालं. काल एकटे जाऊन बसले होते तिथं. जे काय होतं ते गेलं म्हणते. तुमचा पायगुण, ताई."

"कुठे गेलं?" मी विचारलं.

"आता ते मले काय माहीत?" तो हसला. "गेलं ना, बस झालं."

नीरजाचाही फोन रोज येतो. आई, तुझा आवाज बरा वाटतोय, म्हणते. ट्रेकचा फायदा झाला ना? मी हो म्हणते. तिला दिवाळीला येऊ नकोस म्हणून कसं सांगायचं, याचा विचार करतेय.

चहा उकळला. मी गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीतून, त्यांच्या खुर्चीच्या बाजूनं, नीळकंठांच्या आवाजात हाक आली.

"अहो! या!"

मग दोन कोरड्या ढासा आणि एक लांब.

डोंगरावरून आले त्या रविवारपासून येतेय. आवाज तंतोतंत त्यांचा आहे, घशाच्या खालून येणारा. फक्त सुलू म्हणत नाही. त्याला ते नाव माहीत नाही. त्याला मी एकच हाक शिकवली आहे. आणि त्यांचा खरा आवाज आठवायचा प्रयत्न केला तर आता मलाही हाच ऐकू येतो.

चाळीस सेकंदांनी पुन्हा. मी अजून ओ दिलेली नाही.